ऋण काढून स्वप्न



काही महिन्यांपूर्वीच्या एका रविवारची गोष्ट. मिस्सा संपली होती आणि देवळाच्या अंगणात नेहमीप्रमाणे लोक दोघा-चौघांच्या घोळक्याने बोलत उभे होते. एक तरुण माझ्याजवळ आला. लहानपणी तो माझ्या धर्मशिक्षणाच्या वर्गात होता. आता वय २६, आपल्या वडप्याच्याच एका मोठ्या गोदामात मालाच्या हिशेबावर देखरेख करतो. त्याने खिशातून मोबाईल काढला आणि एका गाडीचा फोटो माझ्यापुढे धरला. लाल रंगाची, दोन दारांची, जमिनीला पोट टेकवून बसलेल्या मांजरासारखी गाडी.

"काका, ही घेतोय. सेकंडहँड आहे, पण माझ्यासाठी नवीच. अठरा लाखांना मिळतेय. सातवीत असल्यापासून हिचा फोटो माझ्या खाटेच्या वर चिकटवलेला आहे. तुम्ही फक्त एक करा, पप्पांना जरा समजवा. त्यांची सही पाहिजे."

मी उभे आयुष्य एका पतपेढीत कारकुनी केली. त्यामुळे कुणी गाडीचे नाव काढले की माझ्या तोंडून आधी 'हप्ता किती' हाच प्रश्न निघतो. त्याने सगळे खरे सांगितले. तीन लाख जवळचे, पंधरा लाख कर्ज. जुन्या गाडीचे कर्ज म्हणून व्याजाचा दर १३ टक्के, मुदत ५ वर्षे. महिन्याचा हप्ता सुमारे ३४,१३० रुपये. हातात येणारा पगार ५२,०००. त्यातून शिक्षणाच्या कर्जाचा ७,००० रुपयांचा हप्ता अजून चालू. बहिणीच्या लग्नासाठी वडिलांनी पतपेढीतून घेतलेल्या कर्जाचे ५,००० हाच भरतो. सगळे वजा जाता उरतात सहा हजारांच्या आत. एवढ्या कर्जाला एकट्याच्या पगारावर बँक तयार नाही. म्हणून सहकर्जदार म्हणून वडिलांची सही हवी. वडील यंत्रमागावरून निवृत्त झालेले, चाळीतल्या दोन खोल्यांचे भाडे हेच त्यांचे उत्पन्न.

माझ्या जिभेवर 'अंथरूण पाहून पाय पसरावेत' आलेच होते. पण त्याने ते ओळखले असावे.

"काका, तुम्ही काय म्हणणार ते मला माहीत आहे. आधी पैसे जमव, मग घे. पण जमवायला मी पन्नाशीचा होईन. तेव्हा माझी कंबर या गाडीत बसेल का? आणि पन्नाशी येईलच कशावरून? माझा गोदामातला मित्र कोविडमध्ये गेला, पंचविशीत. त्याला बुलेट घ्यायची होती. पैसे जमवत होता. जमवलेले सगळे इस्पितळाला गेले." मग जरा थांबून तो म्हणाला, "तुम्हीच वर्गात सांगितलं होतं ना, कोठारं बांधणाऱ्या श्रीमंत माणसाची गोष्ट? जुनी पाडून मोठी कोठारं बांधली, पुष्कळ वर्षांची सोय केली आणि त्याच रात्री गेला. मग साठवून ठेवणारा मूर्ख की आज जगणारा?"

खरे सांगतो, मला उत्तर सुचले नाही. गोदामांच्या गावात राहणाऱ्या मुलाने कोठारांचा दाखला माझ्यावरच उलटवला होता. "पुढच्या रविवारी बोलू," एवढेच म्हणून मी घरी आलो. तो संपूर्ण आठवडा मी या प्रश्नावर विचार केला. त्या विचारांत आपल्यालाही सहभागी करून घ्यावे, म्हणून हा लेख. असे तरुण आज आपल्या घराघरांत आहेत. कुणाला गाडी हवी आहे, कुणाला दीड लाखाचा मोबाईल, कुणाला हॉल भाड्याने घेऊन पाचशे माणसांचे लग्न.

पहिला प्रश्न असा, की अशा वस्तूचे स्वप्न पाहणे हेच मुळात चूक आहे का? आपल्या पिढीला पटकन 'हो' म्हणावेसे वाटते. चंगळवाद हा शब्द आपल्या ओठांवर तयारच असतो. पण सुंदर यंत्र पाहून मन हरखून जाणे यात पाप कसले? माणसाच्या बुद्धीने आणि हातांनी ते घडवले आहे. सुताराने केलेली देखणी खुर्ची आपण कौतुकाने पाहतोच. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९१ मध्ये 'सेंतेसिमुस आन्नुस' हे परिपत्रक लिहिले. अधिक चांगले जगावेसे वाटणे चुकीचे नाही, मात्र 'असण्या'पेक्षा 'बाळगण्या'ला मोठे मानणारी जीवनशैली चुकीची आहे, असा त्यातील एका विचाराचा आशय आहे.

याच पोप महोदयांना फेरारी कंपनीने 'एन्झो' जातीची ४००वी गाडी देऊ केली होती. ती विकून पैसे २००४ च्या त्सुनामीतील आपद्‌ग्रस्तांना द्यावेत, असे ठरले. २००५ मध्ये लिलावात तिचे सुमारे ९ लाख ५० हजार युरो आले. पुढे २०१७ मध्ये लॅम्बोर्गिनी कंपनीने पोप फ्रान्सिस यांना एक पांढरी गाडी भेट दिली. त्यांनी तिला आशीर्वाद दिला, तिच्यावर सही केली आणि तीही लिलावाला पाठवली. तिच्या पैशांचा एक भाग इराकमधील निनवेच्या पठारावर उद्ध्वस्त झालेली ख्रिस्ती घरे पुन्हा उभारण्यासाठी होता. यातून 'गाडी वाईट' असा धडा मला दिसत नाही. ज्यांनी ती बनवली त्यांचा कुणी अपमान केला नाही, गाडीला कुणी नावे ठेवली नाहीत. ती कुणाच्या उपयोगी पडावी, एवढेच ठरवले गेले.

दुसरा प्रश्न, कर्ज काढणेच चूक आहे का? येथे आपल्या महाराष्ट्राचा इतिहास बोलका आहे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे गावापासून शेतकऱ्यांचे दंगे पेटले. शेतकऱ्यांना हवे होते ते सावकाराच्या कपाटातील कर्जरोखे. ते हाती लागताच त्यांनी रस्त्यावर जाळले. पुढे १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा करणे सरकारला भाग पडले. आपल्याकडे दामदुपटीचा जुना नियमही होता. एका वेळी वसूल करायचे व्याज मुद्दलापेक्षा अधिक असू नये, असे तो सांगे. म्हणजे कर्ज माणसाला गिळू शकते, हे आपल्या पूर्वजांना पक्के ठाऊक होते.

ख्रिस्तसभेने तर कित्येक शतके व्याज घेणेच निषिद्ध मानले. पण निषेधाने गरिबाची गरज भागत नाही. म्हणून पंधराव्या शतकात इटलीत फ्रान्सिस्कन संन्याशांनी गरिबांना अल्प दराने, वस्तू तारण ठेवून कर्ज देणाऱ्या पेढ्या काढल्या. खर्चापुरते व्याज घेणे गैर नाही, असे १५१५ मध्ये पाचव्या लॅटरन परिषदेने मान्य केले. आपल्या शेजारच्या वसईत १९१८ मध्ये मोन्सिनियर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने कॅथॉलिक बांधवांनी सहकारी पतसंस्था उभी केली. तीच आजची बॅसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक. कर्ज हे पाप असते, तर धर्मगुरूंनी पेढ्या काढल्या नसत्या. कर्ज हे सुरीसारखे आहे. भाजी चिरायला हवीच, पण मुलाच्या हातात देताना आपण मूठ कोणत्या बाजूला आहे ते पाहतो.

मग कोणते कर्ज योग्य आणि कोणते अयोग्य? पतपेढीत आम्ही एक सोपी फोड करीत असू. बियाण्याचे, शिक्षणाचे, घराचे, रिक्षाचे कर्ज वेगळे, कारण त्यातून पुढे काही उगवते. हौसेचे कर्ज वेगळे, कारण वस्तू झिजत जाते आणि हप्ता मात्र झिजत नाही. विमा कंपन्यांचा तक्ता पाहा. गाडीला चार वर्षे पूर्ण होऊन पाचवे लागले, की विम्यासाठी तिची किंमत निम्मी धरतात.

पण ही फोडही पूर्ण पुरत नाही. आपल्या वडप्यातच २०२१ च्या फेब्रुवारीत एका व्यावसायिक गृहस्थांनी सुमारे ३० कोटींचे हेलिकॉप्टर घेतल्याची बातमी राज्यभर गाजली होती. ते पाहायला तेव्हा किती गर्दी झाली, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. दुधाच्या व्यवसायासाठी पंजाब, हरयाणा, गुजरात असा सततचा प्रवास करावा लागतो, म्हणून ते घेतले, असे त्यांचे म्हणणे छापून आले होते. बाहेरच्यांना ते हौसेचे वाटले, घेणाऱ्याला कामाचे. दुसऱ्याची गरज आणि हौस यांच्यामधली रेघ आपण अंगणात उभे राहून ओढू शकत नाही. माझ्या तरुण मित्राची रेघही मी कशी ओढणार?

शिवाय फुकटची गाडीही फुकट नसते. २००२ मध्ये सचिन तेंडुलकरने ब्रॅडमन यांच्या २९ कसोटी शतकांशी बरोबरी केली, तेव्हा त्याला फेरारी '३६० मोडेना' भेट मिळाली. मायकेल शूमाकरच्या हस्ते ती देण्यात आली. पण ती भारतात आणायची, तर आयातशुल्क १ कोटी १३ लाख रुपये. सरकारने ते माफ केले तेव्हा देशभर ओरड झाली, प्रकरण न्यायालयात गेले आणि अखेर फियाट कंपनीने ते भरले. २०११ मध्ये सचिनने ती गाडी विकली. देशाच्या लाडक्या खेळाडूला मिळालेल्या भेटीचेही बिल होतेच. प्रश्न एवढाच उरला होता, की ते कुणी भरायचे.

बंधुभगिनींनो, त्या आठवड्यात मला याच प्रश्नाने पछाडले. कोण भरणार? आणि त्याचे कारण माझ्या स्वतःच्या आयुष्यात आहे. ते मी आजवर फारसे कुणाला सांगितलेले नाही.

१९८६ साली मी पंचविशीत होतो. नोकरी लागून दोन वर्षे झाली होती. मला येझदी मोटारसायकल हवी होती. तिचा आवाज ऐकला की माझ्या छातीत काहीतरी हलायचे. घरात वडील, आई आणि माझा धाकटा भाऊ. भाऊ आयटीआयमध्ये फिटरचा अभ्यासक्रम करीत होता. मी कर्ज काढून येझदी घेतली. पहिल्याच रविवारी वडिलांना मागे बसवले आणि कसाऱ्यापर्यंत गेलो. वडील कधी मोठ्याने हसत नसत. त्या दिवशी वाशिंदच्या पुढे वारा लागला तेव्हा ते माझ्या खांद्याला धरून लहान मुलासारखे हसले. तो आनंद खोटा होता, असे मी आजही म्हणणार नाही.

पाच महिन्यांनी वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. औषधे, मालीश, गावठी उपचार, सगळे सुरू झाले. माझ्या पगारातून हप्ता आधी कापून जात असे, कारण कर्ज आमच्याच पतपेढीचे होते. घरात पैसा पुरेना. एके दिवशी भाऊ आयटीआयला गेलाच नाही. कुणी त्याला सोड म्हणून सांगितले नव्हते. तो सकाळी उठून एका यंत्रमागाच्या कारखान्यात कामाला लागला आणि पहिल्या आठवड्याची मजुरी आईच्या हातात ठेवली. मी त्याला थांबवले नाही. दुसऱ्या वर्षी येझदी निम्म्याहून कमी किमतीला विकली, पण आयटीआयचे वर्ष परत आले नाही. तीस वर्षे मागाच्या खडखडाटात उभे राहून आज त्याला एका कानाने नीट ऐकू येत नाही. त्याने मला कधी एका शब्दाने दोष दिला नाही. फोनवर तो दुसरा कान लावतो, तेव्हा मला येझदी आठवते.

कागदावर कर्जदार मीच होतो. कर्ज फेडले माझ्या भावाने.

हे आठवल्यावर मला कोठारांच्या गोष्टीचे उत्तर सापडले. मी शुभवर्तमान उघडून ती गोष्ट पुन्हा वाचली. लूकच्या बाराव्या अध्यायात ती आहे. त्या माणसाने धान्य साठवले म्हणून तो मूर्ख ठरला, असे मी वर्षानुवर्षे शिकवत आलो. पण आता नीट पाहिले, तर त्या गोष्टीत दुसरे माणूसच नाही. तो बोलतो स्वतःशी, बेत करतो स्वतःसाठी, पीक त्याचे, कोठारे त्याची, आराम त्याचा. बायको, मुले, गडी, शेजारी, कुणाचाच उल्लेख नाही. एवढी मोठी मळणी काय त्याने एकट्याने केली असेल? त्याच्या हिशेबात माणसे नव्हती, ही त्याची चूक. मग साठवणारा असो की उधळणारा, हिशेबात फक्त 'मी' असला की दोघेही एकाच पंगतीत बसतात.

पुढच्या रविवारी आम्ही दोघे देवळामागच्या कट्ट्यावर बसलो. मी त्याला येझदीची गोष्ट सांगितली. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काका, पण माझ्या घरी सगळे ठणठणीत आहेत."

"आमच्याही घरी होते," मी म्हणालो.

मग आम्ही कागद घेतला. पगार ५२,००० आणि महिन्याचे कामाचे दिवस २६. म्हणजे दिवसाला २,००० रुपये. ३४,१३० चा हप्ता म्हणजे दर महिन्यातील १७ दिवस. "पहिले सतरा दिवस तू या गाडीचा नोकर," मी म्हणालो, "आणि असे साठ महिने. पाच वर्षांनी तू ३१ वर्षांचा असशील. त्या एकतीस वर्षांच्या माणसाला तू विचारलं आहेस का? त्याला तोवर बायको असेल, मूल असेल, नोकरी बदलायची असेल. तो आज इथे नाही, म्हणून त्याच्या वतीने तू सही करतोयस." एकूण भरायचे सुमारे २० लाख ४८ हजार. त्यापैकी सुमारे साडेपाच लाख नुसते व्याज. पेट्रोल लिटरला शंभर रुपयांच्या वर. विमा, दुरुस्ती, टायर वेगळे. आणि पळवणार कुठे? माजिवडा ते वडपे हा चोवीस किलोमीटरचा रस्ता आपण सगळे ओळखतो. ट्रकच्या रांगेत लाल गाडी आणि काळी-पिवळी रिक्षा एकाच वेगाने सरकतात.

"आता समृद्धी आहे ना काका," तो हसून म्हणाला. खरे आहे. ५ जून २०२५ पासून आपल्या शेजारच्या आमण्यापर्यंत समृद्धी महामार्ग खुला झाला. पण तिथेही मर्यादा ताशी १२० किलोमीटरचीच.

मग मी सहीचा विषय काढला. "सहकर्जदार म्हणजे साक्षीदार नव्हे, बाळा. बँकेच्या लेखी तोही कर्जदारच. तुझे हप्ते तीन महिने चुकले की कर्ज थकीत खात्यात जातं. तुझ्याबरोबर पप्पांचंही नाव खराब होतं. वसुलीची नोटीस दोघांच्या नावाने येते." पतपेढीत असताना मी अशी अनेक माणसे पाहिली. ओळखीखातर जामीन राहिलेला एक शिक्षक होता. कर्ज घेणारा गाव सोडून गेला आणि सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला निघाल्यावर शिक्षकाच्या पगारातून कपात सुरू झाली. तो दर महिन्याला आमच्या काउंटरवर येऊन पावती घेत असे, एक शब्दही न बोलता. दुसऱ्याच्या कर्जाला हमी राहणाऱ्याच्या अंगाखालचे अंथरूणही जाऊ शकते, असा इशारा नीतिसूत्रांच्या पुस्तकात हजारो वर्षांपूर्वी दिलेला आहे. त्या शिक्षकाने तो वाचला नसेल. तुझे पप्पा वाचूनही सही करतील, कारण ते तुझे पप्पा आहेत. म्हणूनच ती सही मागण्यापूर्वी तू शंभरदा विचार करायला हवा. जो 'नाही' म्हणू शकत नाही, त्याच्याकडून घेतलेला 'हो' फार जपून वापरावा लागतो.

"म्हणजे घेऊ नको म्हणता," तो म्हणाला.

मी तसे म्हणालो नाही. त्याच्या मित्राचा प्रश्न अजून बाकी होता. उद्या येईलच कशावरून, हा प्रश्न खोटा नाही. पंचविशीत गेलेल्या मुलाच्या शवपेटीला ज्याने खांदा दिला, त्याला 'थांब, वेळ येईल' असे सांगणे सोपे नाही. त्याला मी एवढेच म्हणालो, की उद्याचा भरवसा नाही, हे मान्य. पण कर्ज तर उद्याच्या भरवशावरच मिळते. ज्याला उद्याची खात्री नाही, त्याने साठ महिन्यांचे वचन कुणाला कसे द्यावे? आज जगायचे असेल, तर आजच्या पैशांत जगता येते. तुझा मित्र गेला, तेव्हा त्याच्या आईवर कुणाचे देणे नव्हते. तिला रडायला वेळ मिळाला. देणेकऱ्यांचे फोन आले असते, तर तेवढेही तिला मिळाले नसते.

हे ऐकून त्याने मान खाली घातली. मला वाटले, मी फार बोललो.

शेवटी मी त्याला एक युक्ती सांगितली. ती माझी नाही, पतपेढीतले आमचे जुने व्यवस्थापक प्रत्येक हौशी कर्जदाराला सांगत. "गाडी घेण्याआधी सहा महिने हप्ता भरून बघ. दर महिन्याच्या पाच तारखेला ३४,१३० रुपये वेगळ्या खात्यात टाक. तुझ्याच नावाचं खातं. सहा महिने एकदाही चुकला नाहीस, घरात कुणाला चणचण भासली नाही, तर मी स्वतः पप्पांना सांगेन. आणि चुकलास, तर कुणाची नोटीस येणार नाही." शुभवर्तमानातील तो बुरूज बांधू पाहणारा माणूसही आधी बसून खर्चाचा हिशेब करतो. हप्ता भरून पाहणे म्हणजे तोच हिशेब, कागदावर न करता आयुष्यात केलेला.

त्याला हे आवडले. त्यात आव्हान होते.

पहिला महिना त्याने भरला. दुसराही भरला. हॉटेलात जाणे बंद केले, डबा नेऊ लागला. तिसऱ्या महिन्यात आईच्या डोळ्यातील मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली. त्याने त्या खात्यातून पैसे काढले. चौथ्या महिन्यात अर्धाच हप्ता टाकता आला. पाचव्या महिन्यात तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "काका, मी नापास."

"आईला दिसतं का नीट?" मी विचारले.

"हो. तीच म्हणाली, तुझ्या खोलीतल्या त्या गाडीचा रंग एवढा लाल आहे हे मला आज कळलं."

खात्यात उरले होते त्यातून त्याने शिक्षणाच्या कर्जाचा मोठा हिस्सा एकदम भरून टाकला. २०२५ च्या ज्युबिली वर्षात तो मला गमतीने विचारत असे, की जुन्या करारातल्यासारखे बँकही पन्नासाव्या वर्षी कर्ज माफ करील का? आता तो विचारत नाही. त्याचा हिशेब असा, की दीड वर्षात ते कर्ज संपेल आणि मग तो पुन्हा पाच तारखेचा हप्ता स्वतःलाच भरायला सुरुवात करील. तोपर्यंत त्या जातीच्या गाड्या आणखी जुन्या होतील, आणखी स्वस्त होतील. एखादी रोखीने येईलही. न येईलही.

हे वाचणाऱ्या आईवडिलांना माझी विनंती आहे. मुलाचे स्वप्न ऐकून हसू नका आणि लगेच सहीही करू नका. त्याच्याबरोबर कागद घेऊन बसा. तरुणांना एवढेच सांगणे, की पेन उचलण्यापूर्वी घरातील प्रत्येकाचे नाव त्या कागदावर लिहा आणि समोर लिहा, मी चुकलो तर हा काय सोडून देईल. कुणी औषध सोडील, कुणी शाळा. त्या यादीत काही लिहावे लागले नाही, तर खुशाल गाडी घ्या आणि आम्हालाही एक चक्कर मारून आणा.

गेल्या रविवारी मी धाकट्या भावाला हा लेख वाचून दाखवला. त्याच्या चांगल्या कानाशी बसून. येझदीचा भाग आला तेव्हा तो म्हणाला, "त्या दिवशी कसाऱ्याला मलाही यायचं होतं. पण तिघं बसलो असतो तर पोलिसाने धरलं असतं." आणि तो हसला, अगदी वडिलांसारखा. मला मात्र ते चाळीस वर्षांत पहिल्यांदाच कळले.